लग्नाच्या चादरीचा चौथा कोपरा

राजाने इडोनीला टाकलं, असं आमच्या बाजारात अजून बोलतात. बोलणाऱ्यांची तोंडं कोण धरणार? पण टाकलं की काय केलं ते मला विचारा. मी तिला अंगावर पाजलेलं आहे. तिची आई बाळंतपणात गेली आणि तेव्हापासून ती माझ्या कडेवर. पुढे राजाच्या नजरेत भरली, एल्व्हरकोटला नदीकाठच्या दगडी घरात त्याची म्हणून राहायला आली, तेव्हा तिच्या मागोमाग मीही आले, माझं गाठोडं आणि माझी जीभ घेऊन. दाई, इथे जीभ जरा सांभाळ, असं तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ते काही मला जमलं नाही.

राजा वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम आधी सांगते, कारण पुढे मी त्याला बरंच काही बोलणार आहे. शिकारीच्या दिवसांत यायचा, चिखलाचे बूट तसेच घेऊन माझ्या स्वयंपाकघरात शिरायचा आणि धुरी दिलेली वाम हाताने तोडून खायचा. "हाविस, माझ्या आचाऱ्याला हे जमत नाही," म्हणायचा.

"जमेल की, महाराज. पण मासा धुरात निवांत राहायला हवा, आणि तुम्हाला सगळं आत्ताच्या आत्ता हवं असतं."

तो हसायचा. इडोनी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत राहायची. तिचा जीव होता त्याच्यावर. त्याचाही तिच्यावर होता, राजाला लावता येतो तेवढा.

मग ॲव्हिस झाली. तांबडे केस, डाव्या कानाची पाळी जराशी दुमडलेली, अगदी बापाचं तोंड. ती कुणाची हे कुणी सांगायची गरजच नव्हती. राजा आला की आधी तिला उचलून घोड्यावर पुढ्यात बसवायचा आणि सफरचंदांच्या बागेतून एक फेरी मारायचा. ती हात वर करून फळं तोडायची, अर्धी त्याच्या डोक्यावर पाडायची. ती फेरी झाल्याशिवाय तो घरात यायचा नाही, आणि ती त्याला येऊही द्यायची नाही.

राणी वारल्यावर दरबाराने त्याच्यासाठी समुद्रापलीकडची नवी राणी बघितली. तशी ते बघणारच होते. त्या उन्हाळ्यात तो आला तो माझ्या स्वयंपाकघरातच बाकावर बसला, इडोनीला समोर बसवलं आणि म्हणाला, "तुझं लग्न लावून देतो. वॉरिन सरदाराशी. त्याला घर आहे, शेत आहे, आणि स्वभावाने चांगला आहे."

"कुत्र्यांचा वॉरिन?" मी मध्येच बोलले. राजाच्या शिकारी कुत्र्यांचा सगळा कारभार त्याच्याकडे होता, आणि अंगाला वासही त्यांचाच.

"कुत्र्यांचाच. माणसांशी त्याला फारसं बोलता येत नाही, पण इडोनी दोघांचं मिळून बोलेल."

इडोनी हसली नाही. "आणि ॲव्हिस?" तिने विचारलं.

यावर राजाचा चेहरा उजळला. काहीतरी छान आणलंय आणि आता काढून दाखवतो, असा. "ॲव्हिसचं मी फार चांगलं बघितलंय. सरहद्दीवरच्या वेल्श सरदाराला मुलगा आहे. ॲव्हिस त्यांच्याकडे राहील, तिथेच वाढेल, वयात आली की लग्न. त्यांचा आमचा तह पक्का होईल. तुझं लग्न उरकलं की माणसं येतील तिला न्यायला."

"ती आठ वर्षांची आहे."

"माझी बहीण सहाव्या वर्षी गेली होती."

"मग ती परत कधी भेटली तुम्हाला?"

राजाने थोडा विचार केला. खरंच केला. "नाही भेटली," म्हणाला, आणि तरीही त्याला कळलं नाही. इडोनीच्या डोक्यावर थोपटलं, माझ्या हातची वाम खाल्ली आणि गेला. मला त्या दिवशी त्याचा इतका राग आला की त्याचं ताट मी कुत्र्याला चाटायला दिलं.

संध्याकाळी इडोनी ॲव्हिसची वेणी घालत होती. घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. शेवटी पोर कुरकुरत पळाली, तेव्हा इडोनी माझ्याकडे वळली. "दाई, नवरा कुणीही द्या, मी हूं की चूं करणार नाही. पण माझी पोर माझ्याजवळ राहू दे. मला दुसरं काही नको."

आता, इडोनी सरदारघराण्यातली. मोठ्या घरांतल्या लोकांना मोठेच उपाय सुचतात, आणि ते बहुतेक वेळा चालत नाहीत. मी कोळ्याची मुलगी. माझ्या डोक्यात आली ती लग्नाची चादर.

आमच्यात लग्न चर्चच्या दारात लागतं. मग नवरा-नवरी आत वेदीपुढे गुडघे टेकतात, आणि पाद्री आशीर्वाद देतो तेवढा वेळ चौघं जण चार कोपरे धरून त्यांच्या डोक्यावर चादर धरतात. लग्नाआधीच एखादं पोर झालेलं असलं, तर त्याला दोघांच्या मध्ये त्या चादरीखाली घ्यायचं. चादर काढली की पोर दोघांचं, घरचं, रीतसर. मागचं कुणी काढायचं नाही. माझ्या बहिणीची दोन्ही पोरं अशीच चादरीखालून निघालीत. धाकटा तर आशीर्वाद चालू असताना तिथेच घोरायला लागला होता.

"पण दाई, ती दोघांचीच असावी लागते ना?" इडोनी म्हणाली.

"दोघांची आहे असं दोघांनी म्हणावं लागतं," मी म्हटलं.

धुरी दिलेली एक चांगली जाड वाम घेऊन मी ऑस्बर्ट पाद्रीकडे गेले. त्याने आधी वास घेतला, मग माझं ऐकलं, मग पुन्हा वास घेतला. "हाविस, त्या मुलीचे केस मी पाहिलेत."

"केस तर माझ्या आजीचेही तांबडे होते, बाबा."

"मी विचारणार, हे मूल कुणाचं. नवरा म्हणाला माझं, नवरी म्हणाली आमचं, आणि चर्चमधल्या कुणी हरकत घेतली नाही, तर मी आशीर्वाद देईन. तोंडावरून बाप ओळखायचं काम मला बिशपने दिलेलं नाही." आणि मला दारापर्यंत सोडताना हळूच म्हणाला, "राजा त्या दिवशी इथे नसेल एवढं बघा म्हणजे झालं."

राहिला वॉरिन. खरी गोम तिथे होती. ॲव्हिस आपली असं म्हणायचं म्हणजे, राजाच्या बाईशी, राजाच्या घरात, राजा असताना आपलं जमलेलं होतं असं चारचौघांत म्हणायचं. त्यासाठी माणसाची मान जाऊ शकते, आणि वॉरिनची मान चांगली जाडजूड असली तरी तिला कुऱ्हाड लागली नसती असं नाही.

इडोनी स्वतः गेली त्याच्याकडे, मला बरोबर घेऊन. तो कुत्रेखान्यात बसला होता, एका कुत्रीच्या पंजाला चरबी चोळत. आम्हाला बघून उठला, पण पंजा काही सोडला नाही. मग तसाच अर्धवट वाकून उभा राहिला. इडोनीने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

तो पुन्हा चरबी चोळायला लागला. मग म्हणाला, "म्हणजे मी राजाशी खोटं बोलायचं."

"हो."

"आणि दगाबाज म्हणवून घ्यायचं."

"हो. तुम्ही नाही म्हणालात तर मी रागावणार नाही, सरदार. लग्न तरीही करीन आणि नीट नांदेन."

त्याने तो पंजा हलकेच खाली ठेवला. "मुलीला विचारलंत का?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एवढी खलबतं केली, पाद्रीला मासा चारला, पण त्या पोरीला विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या क्षणी हा माणूस मला आवडला, वासासकट. आणि एक गोष्ट तेव्हाच लख्ख झाली. इतकी वर्षं शिकारीच्या दिवसांत माझ्या स्वयंपाकघराच्या दारात कुत्र्यांसाठी हाडं न्यायला हा सरदार स्वतः यायचा. चार नोकर हाताखाली असताना. हाडं घ्यायचा, इडोनी आत दिसली तर मान खाली घालायचा आणि जायचा. मी मेली समजत होते, याचा नोकरांवर भरवसा नाही.

ॲव्हिस तिथेच होती, लंगड्या पिल्लाशी खेळत. वॉरिन तिच्यापुढे उकिडवा बसला. "आईच्या लग्नात चादरीखाली येशील? आलीस तर माझी मुलगी होशील. नाही आलीस तर राजाची मुलगी राहशील, आणि दूर मोठ्या घरी जाशील."

"मोठ्या घरी आई येणार?"

"नाही."

"दाई?"

"नाही."

ॲव्हिसने पिल्लाचे कान उलटसुलट केले. "आणि तुमची मुलगी झाले तर मग घोड्यावरची फेरी?"

त्याच्या जागी मी असते तर काहीतरी गोड थाप मारली असती. वॉरिन म्हणाला, "ते माझ्या हातात नाही, बाळ. बहुतेक बंद होईल."

तिचा चेहरा पडला. राजावर तिची माया होती, ती काय खोटी होती? बराच वेळ ती पिल्लाच्या कानांशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "मी येते. पण पिल्लू पण घेऊन."

"पिल्लू चर्चच्या बाहेर बांधू," वॉरिन म्हणाला, आणि सौदा ठरला.

राजा नव्या राणीला आणायला बंदरावर जाणार होता. तोच दिवस आम्ही धरला. चादर मी स्वतः शिवली, दोन पन्हे जोडून, तिघं ऐसपैस मावतील अशी.

लग्नाच्या सकाळी मी इडोनीच्या डोक्यावरची ओढणी नीट करत होते आणि रस्त्यावरून शिंग ऐकू आलं. ते शिंग मी झोपेतही ओळखलं असतं. वारा उलटा होता म्हणून राणीचं जहाज पलीकडेच अडकलं होतं, आणि राजा मोकळा. अंगणात उतरत म्हणतो कसा, "इडोनीचं लग्न आणि मी नाही, असं होईल काय?"

त्याच्याबरोबर वेल्श माणसंही होती, आणि एक पांढरं तट्टू. तट्टावर निळ्या चामड्याचं नवंकोरं खोगीर, अगदी एवढंसं. ॲव्हिससाठी मुद्दाम बनवून घेतलेलं. "आजच निघतील ते," राजा म्हणाला. "आवडलं ना खोगीर? निळं तिला आवडतं." हे त्याच्या बरोबर लक्षात होतं बघा. तेवढं लक्षात, आणि बाकीचं काहीच नाही.

मी इडोनीला कोपऱ्यात ओढलं. "पोरी, आज राहू दे. जीव जाईल त्या बिचाऱ्याचा."

तिचे ओठ पांढरे पडले होते. "ते खोगीर बघितलंस? आज नाही तर कधी, दाई?" ती वॉरिनकडे गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "सरदार, तुम्ही अजून नाही म्हणू शकता."

वॉरिनने त्या दिवशी अंग इतकं घासलं होतं की मान लालेलाल झाली होती. "मला नाही म्हणायला फार वेळ लागतो, बाई," तो म्हणाला. "तोवर लग्न लागून गेलेलं असेल."

चर्चच्या दारात लग्न लागलं, अंगठी झाली. आत गेलो तर नवीनच पंचाईत. चादरीचे दोन कोपरे वॉरिनची माणसं धरणार होती, तिसरा त्याचा भाऊ, आणि चौथा इडोनीचा भाऊ रॅनल्फ. बहिणीच्या बाजूचं कुणीतरी हवंच. पण रॅनल्फ आलाच नाही. राजाकडून जमीन घेताना त्याला लाज वाटली नव्हती, बहिणीच्या लग्नाला उभं राहायची वाटली. पाद्री इकडे तिकडे बघायला लागला.

"एक माणूस कमी आहे?" राजा पुढे झाला. "मी धरतो."

मला वाटलं, आता जमिनीने मला पोटात घ्यावं. पण राजाला कोण नको म्हणणार? त्याने कोपरा घेतला, चादर पसरली, आणि माझ्याकडे वळून डोळा मिचकावला. "हाविस, एवढी मोठी? वॉरिन काय इतका रुंद आहे?"

कुणी हसलं नाही. इडोनी आणि वॉरिनने गुडघे टेकले. मी ॲव्हिसचा हात सोडला. ती चालत गेली, अजिबात न अडखळता, राजाच्याच कोपऱ्याखालून वाकून आत शिरली आणि दोघांच्या मध्ये बसली.

ऑस्बर्ट पाद्रीने राजाकडे न बघता विचारलं, "हे मूल कुणाचं?"

"माझं," वॉरिन म्हणाला.

मागे उभ्या असलेल्या वेल्श माणसांपैकी एक जण फिस्सकन हसला. हसणारच. काळ्याभोर केसांचा माणूस त्या तांबड्या डोक्याशेजारी बसून माझं म्हणत होता, आणि तसंच तांबडं डोकं वर चादर धरून उभं होतं. मग इडोनी बोलली. "आमचं दोघांचं." बोलताना तिने मान वर करून थेट राजाकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, मी सांगते ना. इतकी वर्षं त्याच्याकडे काहीही मागितलं नव्हतं, ते सगळं त्या एका वेळी मागत होती.

राजाला सगळं कळलं. चादर रुंद का होती तेही. त्याचा चेहरा एकदम म्हातारा झाला. आता एक शब्द बोलला असता की संपलं. नुसता कोपरा सोडला असता तरी हरकत घेतल्यासारखंच होतं. आणि कोपरा खाली यायला लागला. हळूहळू खाली आला आणि ॲव्हिसच्या डोक्यावर टेकला. ॲव्हिसने आतून दोन्ही हातांनी चादर वर ढकलली, तोंड बाहेर काढलं आणि राजाकडे बघितलं. घोड्यावर पुढ्यात बसली की मागे वळून बघायची, तसं. पाद्रीचे ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

"बाबा," राजा पाद्रीला म्हणाला, "माझा कोपरा खाली आला. पोरीच्या डोक्याला लागतोय." आणि त्याने हात वर नेला, पार वर, दंड ताणून. "आता चालू द्या."

आशीर्वाद संपेपर्यंत त्याने तो हात तसूभरही खाली येऊ दिला नाही. तिघं चादरीखालून बाहेर आली तेव्हा मी इतकी रडले की शेजारची बाई मला पाणी आणायला धावली.

जेवणावळ सुरू झाली तरी राजा पंगतीत बसला नाही. माझ्या स्वयंपाकघरात आला, नेहमीच्या बाकावर बसला. मी न विचारता वाम समोर ठेवली. त्याने तोडली, पण खाल्ली नाही.

"तुझं डोकं होतं ना हे?"

"माझंच, महाराज. शिक्षा द्यायची तर मला द्या, त्या दोघांना नको."

"त्या वेल्श सरदाराला आता मी काय सांगू?"

"सांगा, मुलगी तुमची नव्हतीच."

त्याने ताट बाजूला सारलं. "ते अजून तोंडातून निघत नाही, हाविस." आणि डोळे पुसले, माझ्यासमोर, माझ्याच ओट्यावरच्या फडक्याने. माझा सगळा राग तिथेच विरघळला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. राजाच्या पाठीवर असा कोण हात ठेवतं? पण ठेवला.

अंगणात त्याचा घोडा तयार होता. वेल्श माणसं पुढे निघाली होती, तट्टाला रिकामंच ओढत. ॲव्हिस सवयीने घोड्याकडे धावत सुटली, आणि मध्येच थांबली. आता जायचं की नाही, तिला कळेना. राजाचाही हात तिला उचलायला पुढे आला होता, तो तसाच राहिला. मग तो वॉरिनकडे वळला.

"सरदार," म्हणाला, "तुमची परवानगी असेल तर तुमच्या मुलीला बागेतून एक फेरी मारून आणतो."

वॉरिनकडे जन्मात कुणा राजाने परवानगी मागितली नव्हती. त्याने एकदा इडोनीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग घसा खाकरून म्हणाला, "आणा, महाराज. पण लवकर. तिची जेवायची वेळ झालीय."

सफरचंदं बहुतेक उतरून झाली होती. शेंड्याला राहिलेलं एखादं तेवढं होतं, त्याच्यासाठी ती हात वर करत होती, आणि राजा रिकिबीत उभा राहून तिला उंच धरत होता. इडोनी माझ्या खांद्याला टेकून बघत होती. फेरी संपली. एरवी तो तिथे उतरून घरात यायचा. त्या दिवशी त्याने ॲव्हिसला वरूनच वॉरिनच्या हातांत दिलं.